कुठला पिक्चर कसा बघायचा
हॉरर रात्रीच बघा, लाइट बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि हेडफोन लावाच कारण अर्धी भीती आवाजातच असते, दार कुठं करकरलं ते कळायला पाहिजे. कॉमेडीला चार जण जमवा. थ्रिलरची सुरुवात चुकली तर सरळ पहिल्यापासून लावा.

मूकपटांना मात्र वेळ द्या हो, फाळके आपल्या त्र्यंबकचे, १९१३ ला राजा हरिश्चंद्र केला आणि मग कंपनी नाशकात आणली! १९१७ च्या लंका दहनमध्ये राम पण अण्णा साळुंके आणि सीता पण तेच, जेवढा तुकडा शिल्लक आहे तेवढा लावा, एकदा फक्त चेहरा बघा, एकदा हात बघा, मला तरी दरवेळी काहीतरी नवीन दिसतं. मग पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकात जाऊन या.