क्रेडिट कार्डावरचं व्याज कुठून येतंय ते शेवटी सापडलं

बिलातले जवळजवळ 95 टक्के मी वेळेत भरले होते, राहिले फक्त 5, तरी पुढच्या स्टेटमेंटला व्याज एवढं की मला वाटलं सिस्टीमचीच चूक. कस्टमर केअरला ईमेल करून दिवसवार हिशोब मागितला (फोनवर नका मागू, लेखी मागा) तेव्हा कळलं की पूर्ण बिल भरलं नाही तर व्याज खरेदीच्या तारखेपासून, तेही पूर्ण रकमेवर, भरलेल्या पैशांवरसुद्धा ते भरले त्या दिवसापर्यंत. आणि नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. दर लिहिलेला महिना 3.5 टक्के, दिसायला किरकोळ, पण वर्षाचे 42 आणि चक्रवाढ धरली तर 51 च्या वर! हे मिनिमम ड्यूच्या (बिलातली किमान भरायची रक्कम) शेजारीच मोठ्या अक्षरात छापायला हवं, अटींच्या बारीक टाइपात नाही.

मग मी कार्ड वापरणं बंद केलं, त्या दिवसाची पूर्ण थकबाकी विचारून भरली. पुढच्या महिन्यात परत थोडं व्याज आलंच, स्टेटमेंट ते पेमेंटच्या मधल्या दिवसांचं, तेही भरलं. ऑटो-पे मिनिममवर होतं ते टोटल ड्यूवर, म्हणजे पूर्ण बिलावर केलं. त्यानंतरच्या स्टेटमेंटला व्याज शून्य.