जेटवाली मिनी बनवताय? मग या चुका टाळा

किटमधली एखादी छोटी गाडी घ्यायची, तिच्या टपावर नाहीतर डिकीत लढाऊ विमानाचं इंजिन बसवायचं आणि बघणाऱ्याला खुदकन हसवायचं, हा प्लास्टिक मॉडेलिंगमधला माझा सगळ्यात आवडता प्रकार. नवीन मुलं अशा गाड्या दाखवायला घेऊन येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. पण चुका त्याच त्या. मुळाशी जाऊन पाहिलं की बहुतेकांचं कारणही एकच निघतं: "गमतीची गाडी आहे, चालून जाईल."

नाही चालत. साधी गाडी थोडी वाकडी जमली तर लोक नवशिका म्हणून सोडून देतात. गमतीची गाडी वाकडी जमली तर ती मोडकं खेळणं दिसते. बघणाऱ्याला क्षणभर तरी वाटलं पाहिजे की कुठल्या तरी गॅरेजमध्ये कुणी तरी हे खरंच नट-बोल्ट लावून बसवलंय. हसू येतं ते त्यामुळे. म्हणून अशा गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त काटेकोरपणा लागतो.

इंजिन न मोजता बसवणं

ही सगळ्यात मोठी चूक. घरात पडलेल्या विमानाच्या किटमधलं हाताला लागेल ते इंजिन उचलतात आणि चिकटवून मोकळे होतात.

जरा आकडे बघू. तामिया या जपानी कंपनीचं 1/24 चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या मापाचं, मिनी कूपर हे या कामाला फार छान किट आहे. खरी जुनी मिनी 3.05 मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण 12.7 सेंटिमीटर. फँटम आणि स्टारफायटर या विमानांचं जे-79 इंजिन 5.3 मीटर लांब आणि जवळपास एक मीटर जाड. हेच इंजिन बसवून क्रेग ब्रीडलव्हने 1965 साली आपल्या 'स्पिरिट ऑफ अमेरिका सॉनिक 1' गाडीने ताशी 600 मैलांचा टप्पा ओलांडला. 1/24 मध्ये हे इंजिन 22 सेंटिमीटर भरतं, म्हणजे गाडीच्या पावणेदोनपट. 1/48 च्या किटमधलं तेच इंजिन 11 सेंटिमीटर, आणि 1/72 मधलं जेमतेम साडेसात.

मुलं नेमकं ते 1/72 चं घेतात, कारण ते किट स्वस्त. जाडी दीड सेंटिमीटरसुद्धा नाही. मिनीच्या टपावर ते ठेवलं की बघणारा विचारतो, "हा सायलेन्सर वर का लावलाय?" गंमत तिथेच संपली. माझं मत स्पष्ट आहे: एक तर इंजिन गाडीला शोभेल अशा मापाचं घ्या, नाहीतर बघताक्षणी अवाढव्य वाटेल असं घ्या. मधलं माप घेऊ नका. मिनीसाठी 1/48 चं जे-79 मला सगळ्यात आवडतं. जवळजवळ गाडीएवढं लांब, दोन सेंटिमीटर जाड, तोल जाईल की काय असं वाटायला लावणारं. आपल्या मातीतलं काही हवं असेल तर मिग-21 घ्या. ओझरच्या एचएएलमध्ये ही विमानं बनली आणि 26 सप्टेंबर 2025 ला हवाई दलातून निवृत्त झाली. त्याचं इंजिन साडेचार मीटरच्या आसपास, 1/48 मध्ये साडेनऊ सेंटिमीटर.

विमानाच्या बहुतेक किटमध्ये पूर्ण इंजिन नसतं. पुढची चक्राकार पाती आणि मागचं नळकांडं, एवढंच मिळतं. मधला भाग आपण करायचा. त्यासाठी महागडी नळी मागवायची गरज नाही. पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगचा 20 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मागा. 1/48 च्या जे-79 ची जाडी जवळपास तेवढीच येते. फक्त मॉडेलचं पातळ सिमेंट, म्हणजे किटचे भाग जोडायचा द्राव, पीव्हीसीला नीट धरत नाही, तिथे अ‍ॅराल्डाइट वापरा. पाइप आधी वॉटरपेपरने खरखरीत करून घ्या, नाहीतर वर्षभराने सांधा सुटतो.

मोजमाप झाल्यावरही लगेच चिकटवायचं नाही. मी जाड पुठ्ठ्यावर इंजिनाची बाजूची आकृती काढून कापतो, टेपने गाडीला लावतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघतो. टपावर, डिकीत, बॉनेटवर, सगळीकडे लावून पाहतो. ज्या जागी हसू येतं ती जागा पक्की. नवशिक्यांना हे वेळखाऊ वाटतं. पुठ्ठा फुकट आहे, किट नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 1/48 चा सुटा पाइप किंवा नळी 1/24 च्या गाडीवर खपून जाते, कारण तिचं खरं माप कुणालाच माहीत नसतं. पण माणसाच्या हातापायाशी जुळणारी वस्तू लगेच चुगली करते. पायरी, हँडल, धोक्याच्या सूचनांची अक्षरं हे सगळं 1/48 चं ठेवलंत की गाडीतला ड्रायव्हर राक्षस दिसायला लागतो. ते काढून टाका आणि 1/24 च्या मापाने नवीन करा. ड्रायव्हरचंही तेच. 1/24 मध्ये उभा माणूस सात सेंटिमीटर भरतो. मॉडेल रेल्वेची माणसं स्वस्त मिळतात म्हणून आणून बसवू नका, ती 1/87 ची असतात, दोन सेंटिमीटरची. कोथरूडच्या जोशींच्या रेल्वे म्युझियममध्ये ती शोभतात, मिनीच्या स्टिअरिंगमागे नाही.

इंजिन हवेत तरंगतं

जेटला पुढून हवा लागते आणि मागून आग निघते, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दर दुसऱ्या गाडीत पुढचं तोंड मागच्या सीटला टेकलेलं आणि आगीच्या वाटेवर प्लास्टिकचा टेललॅम्प. हवा कुठून येणार ते ठरवा. मागची खिडकी काढून जाळी लावा, नाहीतर टपावर पत्र्याचा भोंगा उभा करा. आग जिथून जाणार तिथला बंपर काढा किंवा त्याला पत्रा ठोका.

अमेरिकेत एकाने खऱ्या न्यू बीटलच्या मागच्या भागात हेलिकॉप्टरचं टी-58 इंजिन बसवलंय. पुढचं पेट्रोल इंजिन तसंच शाबूत आहे. त्या गाडीचे फोटो जरूर बघा. गाडी जवळजवळ शोरूममधल्यासारखी, आणि मागून एक नळकांडं डोकावतंय. एवढंच. आपल्याकडची मुलं त्याच गाडीवर बंदूक, कवटी, ज्वाळा आणि शार्कचे दात असं सगळं चढवतात. एका गाडीत एकच विनोद. दुसरा सुचला तर दुसरं किट घ्या.

आणि इंजिन धरणार कोण? गाडी पुढे ढकलण्याचा सगळा जोर बॉडीला जिथे मिळतो, तिथे ब्रॅकेट दिसलंच पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीचे दोन त्रिकोण आणि चार बोल्टची डोकी पुरतात. मला स्वतःला टपावरचं लोखंडी कॅरियर आणि त्याला घर बदलताना गादी बांधतात तसं सुतळीने आवळलेलं इंजिन फार आवडतं. पण सुतळीखालीसुद्धा मी ब्रॅकेट करतो. डोळा ते शोधतो.

घाईचा रंग

यावर मी सगळ्यात जास्त बोलतो आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या मित्राने फार सुंदर मिनी केली होती. इंजिनिअरिंगचा मुलगा, हात चांगला. टपावर जे-79, सांधे स्वच्छ, पाइपांची जुळणी बघत राहावी अशी. सोसायटीच्या गणपतीत प्रदर्शनात ठेवायची होती. रंग राहिला होता, आणि श्रावणातली झिमझिम चालू होती. त्याने गॅलरीत उभं राहून लॅकर स्प्रे मारला. संध्याकाळी फोन आला.

"काका, लाल रंग पांढरा पडला."

"हात लावू नकोस. झाकून ठेव, मी उद्या येतो."

"पण परवा गणपती बसणार."

"बसू दे. गाडीला हात लावू नकोस."

त्याने लावला. हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनर आणला, फडक्यावर घेतला आणि पांढरं पुसायला लागला. रंग तर निघालाच, खालचं प्लास्टिकही विरघळलं. मी पोचलो तेव्हा पुढच्या काचेच्या बाजूचा खांब तारेसारखा बारीक होऊन आत वळला होता, आणि टपावर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. रेषासुद्धा मोजता आल्या असत्या इतका स्पष्ट.

झालं काय ते समजून घ्या. लॅकरमधला थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे त्या गार पृष्ठभागावर दव धरतं आणि ओल रंगात अडकते. तोच पांढुरका धुरकटपणा. तो घाण नाही, त्यामुळे पुसून जात नाही. कोरड्या दिवसाची वाट बघायची आणि मॉडेलच्या लॅकरसाठी मिळणाऱ्या, सावकाश वाळणाऱ्या रिटार्डर थिनरचा एक हलका फवारा मारायचा. वरचा थर पुन्हा सैल होतो, ओल उडून जाते आणि बहुतेक वेळा रंग परत येतो. हार्डवेअरचा एनसी थिनर ब्रश आणि स्प्रेगन धुवायला ठेवा. पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किटच्या प्लास्टिकच्या, जवळ आणू नका.

त्या मिनीचा खांब आम्ही प्लास्टिकच्या काडीतून नवा केला. ठशावर गॅरेजवाल्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, तीही अगदी पातळ थरांत, कारण जाड थर दिला की तिच्यातला थिनरही प्लास्टिक खातो. रंग दसऱ्यानंतर दिला. गणपतीत गाडी गेली नाही. मुलगा हिरमुसला, पण आज ती गाडी त्याच्या टेबलावर आहे आणि बघण्यासारखी आहे.

माझा नियम साधा. आषाढ, श्रावण आणि भाद्रपदात कापायचं, घासायचं, जुळवायचं. स्प्रे मारायचा नाही. गणपतीत मांडायची असेल तर रंग पाऊस सुरू व्हायच्या आत, मे महिन्यात उरकायचा, तोही सकाळी. एप्रिल-मेच्या भर दुपारी उलटंच होतं: हवा इतकी कोरडी की रंग गाडीपर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि टप पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो. "एका शनिवार-रविवारात गाडी तयार" असे व्हिडिओ बघून जे येतात, त्यांना मी हेच सांगतो की त्या माणसाच्या गावची हवा तुमच्याकडे नाही.

स्प्रेच्या डब्यावरची अक्षरंही वाचत जा. तामियाचा टीएस प्लास्टिक किटसाठी, पीएस रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी. अदलाबदल केली की एक तर रंग सुटतो, नाहीतर प्लास्टिक खराब होतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

काच फेव्हिक्विकने चिकटवू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि मग सगळं उघडावं लागतं. साधा फेव्हिकॉल वापरा, वाळल्यावर पारदर्शक होतो.

किट उघडल्यावर भाग भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असतो.

क्रोम केलेल्या भागांना सिमेंट लागत नाही. सांध्यापुरतं क्रोम खरवडून काढा.

इंजिन मागे असेल तर वजन पुढे टाका. पीव्हीसी आणि अ‍ॅराल्डाइटमुळे मागची बाजू जड होते आणि पुढची चाकं टेबलावरून उचलली जातात. बॉनेटखाली दोन-चार नट एम-सीलमध्ये दाबून बसवले की झालं. एम-सील आतल्या कामालाच ठेवा, बाहेरून ते घासून गुळगुळीत करताना जीव जातो.

नळकांड्यावर भाजल्याचे रंग देताना इंद्रधनुष्य काढू नका, त्यांना क्रम असतो. पोलाद तापत जातं तसं आधी फिकट पिवळं, मग तपकिरी, जांभळं आणि शेवटी निळं पडतं. म्हणजे निळा सगळ्यात तापलेल्या जागी आणि पिवळा तिथून लांब. कुठल्याही जुन्या बुलेटचा इंजिनातून निघणारा वाकडा पाइप बघा आणि तसाच रंगवा.

इंजिनात एलईडी लावणार असाल तर आधी नळकांडं आतून काळं रंगवा. पातळ प्लास्टिकमधून प्रकाश झिरपतो आणि इंजिनाऐवजी आकाशकंदील दिसतो. 9 व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडू नका, मध्ये 470 ओहमचा रेझिस्टर टाका. सोल्डरिंग गाडीच्या बाहेर करा.

दिवाळीतला बाण डिकीत बसवून "खरंच पळते का बघू" असं म्हणणारा दर वर्षी एक तरी भेटतो. पॉलिस्टायरीन पेटतं, जळतं थेंबथेंब गळतं आणि काळा धूर सोडतं. अजिबात करू नका. गाडी पळवायचीच असेल तर विमानाच्या मॉडेलला लागणारा विजेवरचा डक्टेड फॅन, म्हणजे नळकांड्यातला पंखा, आणि हलकी बॉडी घेऊन वेगळी गाडी करा.

शेवटचं राहिलं नंबर प्लेटचं. एमएच-12 ची पाटी लावली की गाडी एकदम आपली होते, पण बहुतेकांची पाटी भलतीच मोठी असते. खऱ्या गाडीची 500 बाय 120 मिलिमीटर असते, म्हणजे 1/24 मध्ये जेमतेम 21 बाय 5. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, म्हणून पारदर्शक डिकल कागदावर (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या कागदावर) छापलेली पाटी लाल गाडीवर लाल दिसते. पांढरा डिकल कागद घ्या. इंकजेटची शाई पाण्यात सुटते, तेव्हा छापल्यावर वार्निशचे दोन पातळ हात मारा, रात्रभर वाळू द्या, आणि मगच पाण्यात सोडा.