इको-मॅरेथॉनची गाडी: चाकं बसवताना या चुका टाळा

शेल इको-मॅरेथॉन म्हणजे कमीत कमी ऊर्जेत जास्तीत जास्त अंतर कापण्याची विद्यार्थ्यांची स्पर्धा. तिच्या प्रोटोटाइप गटात उतरणारे बरेच संघ आधी बॉडीचा थेंबासारखा सुबक आकार काढतात, सीएफडीमध्ये (हवेच्या प्रवाहाच्या संगणकी गणितात) ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, आकडा छान आला की खूश होतात आणि मग चाकं कुठे बसवायची याचा विचार सुरू करतात. घोडं तिथेच पेंड खातं. बॉडीची पहिली रेघ मारण्याआधी चाकांची जागा ठरलेली हवी.

आकडेमोड करून बघा. ४८ सेंटिमीटर व्यासाचं, साडेचार सेंटिमीटर रुंदीचं चाक समोरून सुमारे ०.०२२ चौरस मीटर जागा अडवतं. ड्रॅगचा गुणांक ०.५ धरला तर अशा दोन उघड्या चाकांचा सीडीए, म्हणजे गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ, ०.०२२ होतो. नीट घडवलेल्या अख्ख्या बॉडीचा सीडीए ०.०३ च्या आत येऊ शकतो, हे लक्षात घ्या. ताशी ३० किलोमीटरला ही दोन चाकं जवळपास ०.९ न्यूटन खातात. चालकासकट १०० किलोची तीनचाकी गाडी आणि ०.००२ रोलिंग गुणांकाचे (वजनाच्या ०.००२ पट विरोध करणारे) टायर धरले, तर तिन्ही टायर मिळून २ न्यूटन घेतात. म्हणजे टायरवर आणि बेअरिंगवर केलेल्या खर्चातला बराचसा हवा परत घेऊन जाते.

‘मग घ्या चाकं आत!’

घ्या, पण मोजून. नियमाप्रमाणे पुढच्या दोन चाकांमध्ये किमान ५० सेंटिमीटर अंतर लागतं. चाक १२ अंश वळलं की त्याची पुढची कड ५ सेंटिमीटर बाजूला सरकते. त्यात टायरची निम्मी रुंदी आणि घासू नये म्हणून एखादा सेंटिमीटर मिळवा. हे दोन्ही बाजूंना धरलं की ५० ची रुंदी ६५ च्या पुढे जाते. शिवाय आतलं चाक आणि चालक यांच्यामध्ये आडभिंत लागते, तिचीही जागा धरा. बॉडी एवढी फुगली की गुणांक कमी दिसतो, पण क्षेत्रफळ वाढलेलं असतं. अहवालात नुसता गुणांक लिहिणाऱ्या संघाला मी पहिला प्रश्न क्षेत्रफळाचाच विचारतो. तुलना करायची ती सीडीएची. चाकांचे वरचे भाग थोडे आत कलते ठेवले तर खालचं अंतर तेवढंच राहून बॉडी वर निमुळती करता येते. मात्र कल वाढला की टायरचा विरोधही वाढतो.

झाकलेल्या चाकांची किंमत मर्सिडीजनेही मोजली आहे. १९५४ मध्ये फ्रान्समधल्या रॅंसच्या सरळ रस्त्यांवर तिच्या चाकं झाकलेल्या डब्ल्यू १९६ या शर्यतीच्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या. दोन आठवड्यांनी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या वळणांवर तिचा चालक फॅन्जिओ याला स्वतःची चाकंच दिसेनात, आणि गाडी कडेच्या पिंपांना धडकत राहिली. तुमचा चालकही वळणावर अंदाजानेच चालवणार आहे, त्याला सराव द्या.

ना आत, ना बाहेर

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. चाक बॉडीबाहेर, पण तीन-चार सेंटिमीटरवर. त्या अरुंद फटीत हवेचा वेग वाढतो, मागच्या बाजूला फट रुंदावली की प्रवाह बॉडीवरून सुटतो, आणि नुकसान चाकापुरतं न राहता मागच्या सगळ्या शेपटीला लागतं. एक तर चाक फेअरिंगमध्ये, म्हणजे निमुळत्या आवरणात, घेऊन बॉडीला गोलाईने जोडा, नाहीतर ऐसपैस दूर न्या. फेअरिंगची सर्वांत जाड जागा बॉडीच्या सर्वांत जाड जागेशेजारी येऊ देऊ नका. थोडी पुढे-मागे सरकवा.

चाक दूर नेलं की ते धरणारी आडवी नळी उघडी पडते. २५ मिलिमीटरची गोल नळी, दोन्ही बाजू मिळून ३० सेंटिमीटर. या वेगाला गोल नळीचा गुणांक १.२ च्या घरात असतो, म्हणजे सीडीए ०.००९. दिसायला काडी, पण एका चाकाच्या तोडीस तोड! तिच्यावर फोमचं निमुळतं आवरण चढवायला एक संध्याकाळ पुरते.

मागे एकच चाक ठेवा, म्हणजे शेपूट निमुळती राहते. दोन हवीच असतील तर जवळ घ्या. जनरल मोटर्सच्या ईव्ही१ मध्ये मागची चाकं पुढच्यांपेक्षा ९ इंच जवळ होती, सिट्रोएन डीएसमध्ये २० सेंटिमीटर.

सीएफडी म्हणतं ठीक, गाडी म्हणते नाही

आधी मॉडेलमध्ये चाक फिरतंय का आणि रस्ता सरकतोय का ते बघा. गाडी पुढे जाताना चाकाचा वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने हवेत घुसतो आणि जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर थांबलेला असतो. स्थिर चाकाचं उत्तर वेगळंच येतं. मेश (गणितासाठी आखलेलं जाळं) जुळत नाही म्हणून चाक जमिनीपासून किंचित उचलू तर मुळीच नका. खालून हवा वाहू लागली की उचल बलाची दिशासुद्धा उलटू शकते. टेकण्याच्या जागी छोटासा ठोकळा देऊन फट बुजवा.

मग गाडी सपाट रस्त्यावर, पहाटे वारा पडलेला असताना, दोन्ही दिशांनी न्यूट्रलमध्ये घरंगळत सोडा. ताशी १० ला हवेचा विरोध ३० च्या तुलनेत एक नवमांशच असतो. तेव्हा १० लाही गाडी लवकर मंदावत असेल तर हवेला दोष देऊ नका. टो (चाकं वरून पाहता समांतर आहेत की तिरकी), घासणारा ब्रेक पॅड, बेअरिंग तपासा. फरक फक्त वरच्या वेगाला दिसला, तर चाकामागे बॉडीवर लोकरीचे बोटभर दोरे चिकटवा आणि शेजारून धावणाऱ्या दुचाकीवर मागे बसून मोबाइलने चित्रण करा. जिथे दोरे उलटे फिरतात किंवा थरथरतात तिथली फट टेपने बुजवून पुन्हा सोडा, मग टेप काढून आणखी एकदा. टेपशिवायचे दोन्ही आकडे जुळल्याशिवाय नवा साचा काढायला घेऊ नका.