ओळ बरोबर, तरी एरर? कंपायलरला काय दिसतं ते पाहा

सी प्रोग्रॅममध्ये एरर ज्या ओळीवर दाखवली जाते तिथे काहीच चुकलेलं नसतं, तेव्हा कधी कधी एखादा #इफडेफ, #एंडइफ (या दोघांमधला कोड अटीनुसार ठेवला किंवा वगळला जातो) किंवा #डिफाइन (एखाद्या नावाच्या जागी काय टाकायचं ते सांगणारी ओळ) भलत्या जागी असतो. कोडकडे टक लावून बसू नका.

१. जीसीसी किंवा क्लँग, जो सी कंपायलर वापरत असाल त्याला 'वजा ई' (कॅपिटल ई) हा पर्याय द्या आणि आउटपुट वेगळ्या फाइलमध्ये घ्या. यात कंपाइल होत नाही, फक्त प्रीप्रोसेसर, म्हणजे # ने सुरू होणाऱ्या ओळी आधी हाताळणारा टप्पा, चालतो.

२. ती फाइल लांबलचक असेल, कारण सगळ्या हेडर (#इन्क्लूडने जोडलेल्या फाइली) तिच्यात ओतल्या जातात. घाबरू नका, थेट तळाशी जा. तुमचा कोड तिथेच असतो.

३. एखादं फंक्शन गायब आहे का? महिरपी कंस उघडलाय पण बंद करणारा नाही? म्हणजे तो #इफडेफच्या वगळलेल्या भागात अडकलाय. #एंडइफ एक-दोन ओळी वरखाली केला की काम होतं. मॅक्रोचं (#डिफाइनने ठरवलेलं) नाव जसंच्या तसं दिसत असेल, तर त्याचा #डिफाइन वापरानंतर आलाय किंवा वगळला गेलाय.

'स्ट्रे हॅश' अशी एरर असेल तर एवढंही नको. # च्या आधी त्याच ओळीवर सेमिकोलन किंवा कंस राहिलाय. डायरेक्टिव्ह, म्हणजे # ने सुरू होणारी सूचना, स्वतंत्र ओळीवर घ्या.

एक जपा: #डिफाइन हलवताना तो एखाद्या #इन्क्लूडच्या वरचा असेल, तर खाली आणू नका. काही हेडर त्याच्यावरच अवलंबून असतात.