स्पायना बिफिडा शोधताना प्रोब आधी डोक्यावर ठेवा

अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये (गर्भातले दोष शोधायच्या सोनोग्राफीत) थेट पाठीच्या कण्यातली फट, म्हणजे स्पायना बिफिडा, शोधायला गेलं की ती हमखास हुकते. फट लहान असते आणि बाळ नेमकं पाठ गर्भाशयाच्या भिंतीला टेकवून पडलेलं असतं. डोक्यातल्या खुणा मात्र ठळक असतात. उघड्या फटीतून मेंदूभोवतीचं पाणी गर्भजलात झिरपतं, मेंदूचा मागचा भाग मानेकडे ओढला जातो आणि कवटीच्या मागच्या कप्प्यातली मोकळी जागा भरून जाते.

बीपीडी (डोक्याची रुंदी) मोजतो त्या छेदावर या. आता प्रोबची मागची बाजू किंचित मानेकडे कलती करा. एकाच फ्रेममध्ये पुढे कॅव्हम (मेंदूच्या मधोमध असलेली पाण्याची चौकोनी पोकळी) आणि मागे लहान मेंदूचे दोन्ही गोल दिसले पाहिजेत. लहान मेंदूच्या मधल्या भागाच्या मागच्या कडेपासून ऑक्सिपिटल (कवटीच्या मागच्या) हाडाच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे सिस्टर्ना मॅग्ना. ते २ ते १० मिमी असतं. ही जागा दिसतच नसेल आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकून ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) बिलगला असेल, तर निदान जवळपास झालंच. प्रोब जास्त कलवला तर हीच जागा खोटी मोठी दिसते, म्हणून कॅव्हम फ्रेममधून निसटू देऊ नका.

कपाळाची हाडं दोन्हीकडून आत दबलेली दिसणं, म्हणजे लेमन साइन, एवढ्यावर विसंबू नये. काही निरोगी बाळांतही ती दिसते आणि २४ आठवड्यांनंतर बहुधा नाहीशी होते. व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याची पोकळी) १० मिमी किंवा जास्त रुंद असेल तर शंका बळावते.

आता पाठ. आडव्या छेदात प्रत्येक मणक्याची तीन पांढरी केंद्रं दिसतात. मागची दोन एकमेकांकडे झुकलेली हवीत. ती बाहेर फाकली असतील तर तिथेच थांबा. किरण तिरके पडले तरी तसा भास होतो, त्यामुळे प्रोब पाठीला काटकोनात आणून पुन्हा बघा. मग उभ्या छेदात त्वचेची रेघ मानेपासून सेक्रमपर्यंत (कण्याच्या तळाच्या हाडापर्यंत) सलग आहे का ते तपासा. रेघ आणि गर्भाशयाची भिंत यांच्यात गर्भजलाचा थर असल्याशिवाय ‘त्वचा नॉर्मल’ असं लिहू नका. आईला कुशीवर वळवा, नाहीतर अर्धा तास फिरून यायला सांगा. डोकं नॉर्मल आहे म्हणून पाठ टाळायची नाही: त्वचेने झाकलेल्या फटीत डोक्यातल्या खुणा नसतात, आईच्या रक्तातलं एएफपी (बाळाकडून येणारं प्रथिन) हेही सहसा वाढत नाही.

रिपोर्टमध्ये फटीची वरची पातळी (शेवटच्या बरगडीवरून डी १२ (छातीचा बारावा मणका) ओळखून खाली मोजा), फटीवरची पिशवी, व्हेंट्रिकलचं माप आणि पावलांचा वाकडेपणा लिहा. पाय हलताना दिसले म्हणून पुढे मूल चालेल असा दिलासा देऊ नका. गर्भातल्या हालचालीवरून ते ठरत नाही.

अनेनसेफली (कवटीचं छतच न बनणं) त्याआधीच, ११ ते १४ आठवड्यांच्या एनटी स्कॅनमध्ये (मानेमागचा पाण्याचा थर मोजतात ती सोनोग्राफी) सापडायला हवी. कवटीचं हाड आडव्या छेदात मुद्दाम बघा. या वयात उघडा मेंदू अजून झिजलेला नसतो, त्यामुळे ‘मेंदू दिसतोय’ म्हणून पुढे सरकणाऱ्याची फसगत होते. उलट ११ आठवड्यांआधी हाड पुरेसं तयार नसतं, तेव्हा निदानाची घाई नको. डोक्यामागे पिशवी दिसली तर हाडात भोक शोधा: भोक असेल तर एन्सेफॅलोसील (कवटीतून बाहेर आलेली पिशवी), नसेल तर बहुधा मानेचा सिस्टिक हायग्रोमा (त्वचेखालची द्रवाची पिशवी). एन्सेफॅलोसील असल्यास मूत्रपिंडं बघा आणि बोटंही मोजा, मेकेल-ग्रुबर सिंड्रोम (हे दोष एकत्र आढळणारा आनुवंशिक आजार) तिथेच उघड होतो.

अ‍ॅनॉमली स्कॅन १८ ते २० आठवड्यांतच करा. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भातल्या गंभीर दोषासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. जोडप्याला न्यूरोसर्जनशी बोलून विचार करायला वेळ हवा, आणि २३व्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं तर तो उरत नाही. फॉर्म एफ (सोनोग्राफीची कायद्याने सक्तीची नोंद) भरणं यातही चुकत नाही. पुढच्या खेपेसाठी फॉलिक अ‍ॅसिडची नेहमीची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा पुरत नाही. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करून पहिले तीन महिने चालू ठेवावी, कारण न्यूरल ट्यूब (मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी) गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं.