कार्बन कापडाचे थर सुटत होते, ते असे थांबले

बेळगावात उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये आम्ही कार्बन फायबरचं कापड आणि इपॉक्सी रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) यांच्या पट्ट्या बनवतो. वाकवून तोडल्या की थर सुटायचे. भिंगाखाली धागे अगदी कोरे, रेझिनचा कणही चिकटलेला नसे. म्हणजे रेझिनची धाग्यावर पकडच नव्हती.

म्हणून रेझिनला पकड मिळावी यासाठी धाग्यावरच झिंक ऑक्साइडचे नॅनो-काटे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म काटे, उगवले. अल्कोहोलमधल्या झिंक ॲसिटेटने बीज, म्हणजे काटे जिथून वाढतात ते कण, बसवायचं, १५० अंशांवर भाजायचं, मग झिंक नायट्रेट आणि हेक्सामाइनच्या पाण्यात ९० अंशांवर काही तास ठेवायचं. एवढ्या कमी उष्णतेने धाग्याच्या ताकदीला धक्का लागत नाही, म्हणून मला हीच पद्धत पटते.

सुरुवातीला मात्र सगळं भुकटीसारखं निघून यायचं. द्रावणात मोकळा साका तयार होतो आणि तोच कापडावर बसतो. कापड आडवं न ठेवता उभं टांगलं, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुतलं. आता काळ्या कापडावर पांढुरकी झाक राहते, बोटाला काही लागत नाही. नवी पट्टी तोडली तर धाग्यांना रेझिन चिकटलेलं दिसतं.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा फार दमट, तेव्हा रेझिन लावण्याआधी कापड ओव्हनमध्ये वाळवाच. आणि झिंक ऑक्साइड ॲसिडमध्ये विरघळतं, त्यामुळे तयार कापड ॲसिडपासून लांब ठेवा.