उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवताय? या चुका टाळा

मेंदूत इलेक्ट्रोड उतरवणं हा या शस्त्रक्रियेतला त्यातल्या त्यात सोपा भाग. नव्यांना मात्र घाई तिथेच पोचायची. कवटी उघडी झाली रे झाली की हात ड्रिलकडे. एथिक्स समितीची मंजुरी, भूल, वेदनाशामक हे सगळं झालंय असं धरून पुढचं लिहितोय. तिथेच सूट हवी असेल तर उंदराला हात लावू नका.

माझी सगळ्यांत नावडती चूक म्हणजे ओल्या हाडावर सिमेंट ओतणं. हे सिमेंट म्हणजे डेंटल ॲक्रिलिक, ते हाडाला गोंदासारखं चिकटत नाही, सगळा भार स्क्रू पेलतात. खाली रक्ताचा ओलसर थर किंवा हाडावरचा पापुद्रा राहिला, की इलेक्ट्रोड धरून ठेवणारी सिमेंटची टोपी आतून सुटायला लागते. हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलोय. एका उंदराला सहा आठवडे ट्रॅकवर पळायला शिकवलं होतं. पाच तासांचं ऑपरेशन, हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मृतीशी जोडलेला भाग) टेट्रोड (चार बारीक तारांचा पीळ), अकराव्या दिवशी देखण्या रिपल्स (तिथल्या वेगवान लहरी). सतराव्या दिवशी सकाळी बघतो तर टोपी पिंजऱ्यातल्या भुशात, चारपैकी तीन स्क्रू टोपीला धरून. उंदराला त्याच दिवशी निरोप द्यावा लागला. टोपी उलटी केली तर तळ काचेसारखा गुळगुळीत. ऑपरेशनच्या वेळी एका कडेनं रक्त पाझरत होतं आणि मी म्हणालो होतो, ‘सिमेंटनं थांबेल.’

आता मी हाडावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा फिरवतो, सलाइननं धुतो आणि हाड खडूसारखं पांढरं दिसेपर्यंत हात बांधून बसतो. मग स्कॅल्पेलनं आडव्या-उभ्या रेघा. स्क्रू किमान सहा. प्रत्येक चिमट्यानं हलवून बघायचा, किंचित डुगडुगला तरी काढून शेजारी नवं भोक. कंटाळा येतो, येऊ दे.

दुसरी चूक सपाटीची. ॲटलासमधले (मेंदूच्या नकाशातले) आकडे सपाट कवटीचे असतात, म्हणजे ब्रेग्मा आणि लॅम्डा (कवटीच्या सांध्यांवरच्या पुढच्या आणि मागच्या खुणा) एकाच उंचीवर. ‘अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय, सर?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. हिशेब करा. मोठ्या उंदरात (रॅट) दोन खुणांमध्ये साधारण ९ मिलिमीटर अंतर, त्यात ०.५ चा फरक म्हणजे तीन अंशांचा कल. व्हीटीएसाठी (मेंदूच्या तळाजवळचा एक भाग) ८ मिलिमीटर खोल गेलात की टोक पुढे-मागे ०.४ मिलिमीटरहून जास्त सरकलेलं असतं. तुम्ही शेजारच्याच वस्तीत रेकॉर्डिंग करताय! मी तीनदा मोजतो, शिवाय मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरवरही. ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर डोकं पकडून ठेवणाऱ्या कानाच्या काड्या सोडून पहिल्यापासून.

बाकीच्या चुका पटापट. ड्रिल सतत दाबून धरू नका, हाड तापतं. सलाइनचे थेंब टाकत थांबत थांबत चला. ड्युरा (मेंदूवरचं चिवट आवरण) न उघडता टेट्रोड घुसवला तर तार वाकते, आणि ते कळतं पार शेवटी, मेंदूच्या कापांच्या स्लाइड बघताना. इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) बसवण्याआधी मोजायचा, नंतर नव्हे. रेकॉर्डिंगमध्ये विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आला की मुलं पंखा बंद करतात, ट्यूब बंद करतात, मग नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळणारा) लावून मोकळी होतात. अरे, आधी सेरिबेलमवरच्या (लहान मेंदूवरच्या) ग्राउंड स्क्रूची तार तर बघा!

आणि ऑपरेशनच्याच दिवशी पेशी शोधत बसू नका. टेट्रोड कॉर्टेक्समध्ये सोडा, जखम भरू द्या, मग रोज थोडं थोडं खाली. टेट्रोड खाली सरकवणारा स्क्रू इंचाला ८० आट्यांचा असेल तर एक फेरा म्हणजे ०.३२ मिलिमीटर, आणि हिप्पोकॅम्पसमधल्या सीए१ या भागाचा पेशींचा थर त्याच्या निम्माही जाड नाही. आमच्याकडच्या एका पठ्ठ्यानं शनिवारी संध्याकाळी, बस चुकेल म्हणून, उरलेला अख्खा फेरा एकदम दिला. सोमवारी स्क्रीनवर शार्प वेव्ह (रिपलसोबतची मोठी लहर) उलट्या तोंडाची, म्हणजे टोक थर ओलांडून गेलेलं, आणि पेशी एकही नाही.